वाचकांचे प्रश्न: यूपीएस आणि हाताशी असलेली दहा मिनिटं

यूपीएसबद्दल (वीज गेल्यावर संगणकाला स्वतःच्या बॅटरीवरून वीज देणारा डबा) आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बऱ्याच पत्रांमागे एक समजूत दिसते: वीज गेल्यावरही काम चालू राहावं म्हणून यूपीएस घ्यायचा. टेबलाखाली मावणारा लहान यूपीएस त्यासाठी बनवलेला नसतो. तो काही मिनिटं हातात देतो, आणि तेवढ्या वेळात फाइली सेव्ह होऊन संगणक रीतसर बंद व्हायला हवा. खालची उत्तरं हे गृहीत धरूनच दिली आहेत.

प्रश्न: नवा ६०० व्हीएचा यूपीएस घेतला. संगणकात ४५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि ग्राफिक्स कार्ड आहे. साधं टायपिंग करताना लाईट गेली तर सगळं चालू राहतं. व्हिडिओ एडिटिंग चालू असताना गेली, की यूपीएस सलग ओरडतो आणि संगणक फटकन बंद पडतो. यूपीएस सदोष निघाला का?

उत्तर: लक्षणांवरून यूपीएस ठीक आहे, पण तुमच्या कामाला लहान पडतो आहे. खोक्यावर ठळक छापलेला आकडा व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर) असतो. यूपीएस उलटा करून मागची पट्टी वाचा, तिथे बारीक अक्षरांत वॅट दिलेले असतात. ६०० व्हीएच्या पुष्कळ मॉडेलांवर तिथे ३६० वॅट लिहिलेलं सापडेल. यूपीएसला दोन्ही मर्यादा असतात, आणि आजच्या संगणकांच्या पॉवर सप्लायचा पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्हीए) एकच्या जवळ असल्यामुळे वॅटची मर्यादा आधी ओलांडली जाते. सलग आवाज हा बहुतेक यूपीएसमध्ये ओव्हरलोडचा इशारा असतो. थांबून थांबून येणारी बीप म्हणजे फक्त ‘बॅटरीवर चालू आहे’.

पॉवर सप्लायवरचे ४५० वॅट ही त्याची कमाल क्षमता आहे. प्रत्यक्षात किती ओढले जातात, हे कामावर ठरतं. टायपिंग करताना तुमचा संगणक मॉनिटरसकट शंभर वॅटच्या आसपास घेत असेल, आणि रेंडरिंगला प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड दोन्ही जोर लावतात तेव्हा तोच आकडा साडेतीनशेच्या वर जातो. अंदाज करत बसू नका. सॉकेटमध्ये लावायचा वॉटमीटर मिळतो. तो मध्ये घालून तुमचं सगळ्यात जड काम दहा मिनिटं चालवा आणि सर्वांत मोठा आकडा टिपून ठेवा.

याशिवाय आणखी एक कारण असू शकतं. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना खरी साइन वेव्ह (घरच्या विजेची गुळगुळीत लाट) देत नाहीत. पायरीपायरीची वेव्ह देतात, आणि तिच्यात प्रत्येक अर्ध्या आवर्तनानंतर व्होल्टेज थोडा वेळ शून्यावर थांबतं. ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर एकच्या जवळ ठेवणारं सर्किट) असलेल्या काही पॉवर सप्लायना हे मानवत नाही. ते मध्येच मोठ्या करंटचा झटका ओढतात, त्याने यूपीएस ट्रिप होतो किंवा पॉवर सप्लाय स्वतःच बंद होतो. लोड (जोडलेली उपकरणं ओढतात ते एकूण वॅट) कमी असताना हे खपून जातं, वाढला की उघडं पडतं.

स्विचओव्हरला लागणारा वेळही पाहा. साधे यूपीएस साधारण ४ ते १० मिलिसेकंदांत बॅटरीवर जातात. चांगला पॉवर सप्लाय पूर्ण लोडवर आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो. म्हणजे मध्ये सहा मिलिसेकंदांचा तरी वाव राहतो. कपॅसिटर जुने झाले, की हा वाव आटतो. यूपीएस बदलूनही संगणक रीस्टार्ट होत राहिला, तर संशय पॉवर सप्लायवर घ्यावा.

मोजलेल्या वॅटवर २५ ते ३० टक्के चढवून यूपीएस निवडा. मीटरवर ३८० आले, तर ५०० वॅटच्या खालचा नको. पॉवर सप्लाय ॲक्टिव्ह पीएफसीचा असेल तर प्युअर साइन वेव्हचाच घ्या. स्पेसिफिकेशनमध्ये वेव्हफॉर्मचा उल्लेख ‘बॅटरीवर असताना’ या ओळीत शोधा, कारण वीज असताना आत आलेली वेव्हच बाहेर जाते आणि ती साइनच असते.

प्रश्न: माझ्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी आहे. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-अवर. लोड १५० वॅट, म्हणजे तेहेतीस मिनिटं मिळायला हवीत. मिळतात बारा. बाकीची वीज जाते कुठे?

उत्तर: गुणाकार बरोबर आहे. फसवतो तो बॅटरीवरचा ‘७’. हा आकडा वीस तासांच्या हिशेबाने दिलेला असतो. ०.३५ अँपिअर इतक्या संथ वेगाने काढत राहिलात, तर वीस तासांत ७ अँपिअर-अवर मिळतील. तुमचा यूपीएस तिच्याकडून किती मागतो ते पाहू. बाहेर १५० वॅट द्यायचे तर आतल्या इन्व्हर्टरचा, म्हणजे बॅटरीची वीज घरच्या विजेसारखी करणाऱ्या भागाचा, तोटा धरून बॅटरीतून साधारण १८० वॅट निघतात. लोडखाली बॅटरीचं व्होल्टेज साडेअकराच्या आसपास उतरतं, म्हणजे करंट झाला पंधरा-सोळा अँपिअर. रेटिंगच्या हिशेबापेक्षा चाळीस पट जास्त. इतक्या घाईने मागितलं, की लेड-ॲसिड बॅटरी आपल्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपासच देते. प्लेटच्या आतल्या भागात ॲसिड पोचायच्या आधीच व्होल्टेज कोसळतं आणि साडेदहाच्या सुमारास यूपीएस तिला तोडतो. नवी बॅटरी असताना १५० वॅटला बारा ते चौदा मिनिटं ही रास्त कामगिरी आहे.

यातून एक फायद्याची गोष्ट निघते. लोड निम्मा केलात, तर वेळ दुपटीहून जास्त वाढतो. ७५ वॅटला हीच बॅटरी अर्ध्या तासाच्या आसपास जाते. लाईट गेल्याबरोबर मॉनिटरचा ब्राइटनेस खाली आणला, दुसरा मॉनिटर आणि स्पीकर बंद केले, तर मिनिटं लगेच वाढतात.

काही वाचक विचारतात, की तारा बाहेर काढून मोठी इन्व्हर्टरची किंवा गाडीची बॅटरी जोडली तर? करू नका. लहान यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक काही मिनिटं चालण्याच्या बेताने बनवलेले असतात. तासभर चालवलेत तर ते तापत जातात, वार्निश जळल्याचा वास येतो, आणि आग लागू शकते. शिवाय आतला चार्जर जेमतेम एखाद्या अँपिअरचा असतो. १०० अँपिअर-अवरची रिकामी बॅटरी भरायला त्याला चार दिवसांहून जास्त लागतील. तोवर वीज पुन्हा गेली, की ती अर्धवट चार्जवरच वापरली जाणार आणि सल्फेट धरून निकामी होणार. गाडीची बॅटरी तर इंजिन सुरू करण्यापुरता काही सेकंदांचा मोठा करंट द्यायला बनलेली असते, वारंवार खोलवर उतरवायला नव्हे.

प्रश्न: अडीच वर्षांचा यूपीएस आहे. हिरवा दिवा लागतो, सॉफ्टवेअर बॅटरी १०० टक्के दाखवतं, मल्टिमीटरवर १२.७ व्होल्ट येतात. तरी लाईट गेली की दोन सेकंदांत सगळं बंद. कार्ड (आतला सर्किट बोर्ड) गेलं असावं असं दुरुस्तीवाल्याचं म्हणणं आहे.

उत्तर: कार्डावर खर्च करण्याआधी बॅटरी लोडवर तपासून घ्या. मोकळ्या बॅटरीचं व्होल्टेज तिच्या तब्येतीबद्दल फारच थोडं सांगतं. जुन्या बॅटरीचा आतला रेझिस्टन्स वाढलेला असतो. मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही, म्हणून त्याला १२.७ दिसतात. पंधरा अँपिअर मागितले, की तेच व्होल्टेज एका क्षणात नऊच्या खाली आदळतं. सॉफ्टवेअरमधले १०० टक्के हाही व्होल्टेजवरून बांधलेला अंदाजच असतो.

संगणक पणाला न लावता चाचणी करता येते. यूपीएस किमान आठ तास चार्ज होऊ द्या. संगणक काढून घ्या आणि त्या जागी १०० वॅटचा जुन्या धाटणीचा तारेचा बल्ब लावलेला टेबल लॅम्प जोडा. एलईडी बल्ब चालणार नाही, तो फारच कमी वॅट घेतो. मग भिंतीवरचं बटण बंद करा. प्लग उपटू नका, कारण प्लग काढला की अर्थिंगही सुटतं. बटणाने फक्त फेज तुटतो, अर्थ जोडलेला राहतो. आता घड्याळ लावून बसा. चांगल्या ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर हा बल्ब वीस मिनिटांच्या आसपास जळायला हवा. पाच मिनिटांत यूपीएस गप्प झाला तर दोष बॅटरीचा. बल्ब मंद होत होत जातो की एकदम विझतो, तेही पाहून ठेवा. एकदम आणि लगेच विझला, तर एखादा सेल मेलेला असतो.

ही बॅटरी चांगल्या परिस्थितीत तीन ते पाच वर्षं टिकते. चांगली परिस्थिती म्हणजे २५ अंशांच्या आसपासचं तापमान. त्यावर दर दहा अंशांना आयुष्य जवळपास निम्मं होतं. कपाटात बंद, संगणकाच्या गरम हवेच्या तोंडाशी किंवा उन्हाच्या खिडकीजवळ ठेवलेल्या यूपीएसची बॅटरी दीड-दोन वर्षांत गेली, तर नवल नाही.

बदलताना यूपीएस बंद करा आणि भिंतीतून प्लग काढा. हे इथे मात्र सक्तीचं आहे: पुष्कळ लहान यूपीएसमध्ये बॅटरीच्या तारा मेनपासून विलग नसतात, त्यामुळे प्लग लावलेला असताना बॅटरीच्या टोकाला हात लावला तर शॉक बसू शकतो. हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. जुन्या बॅटरीच्या टोकांची रुंदी मोजा. पट्टीसारखी टोकं दोन मापांत येतात, ४.७५ आणि ६.३५ मिलिमीटर. नवी आणताना हेच माप सांगा, शिवाय व्होल्ट, अँपिअर-अवर आणि लांबी-रुंदी-उंची. ७ अँपिअर-अवरची नेहमीची बॅटरी साधारण १५१ बाय ६५ बाय ९४ मिलिमीटरची असते. बॅटरीवरची उत्पादनाची तारीख वाचून घ्या. वर्षभर दुकानात चार्जिंगविना पडून राहिलेली बॅटरी नवी म्हणून घेऊ नका.

काढताना आधी काळी तार, मग लाल. जोडताना आधी लाल, मग काळी. शेवटचं टोक टेकवताना छोटी ठिणगी उडते. आतले कपॅसिटर भरत असतात, घाबरायचं कारण नाही. पण टोक पूर्ण आत बसलंय ना, हे ओढून पाहा. सैल राहिलेलं टोक पंधरा अँपिअरला तापतं आणि त्याचं प्लॅस्टिक तपकिरी पडून वितळतं. कित्येकदा ‘कार्ड गेलं’ म्हणून आलेल्या यूपीएसमध्ये बिघाड एवढाच असतो. ज्या यूपीएसमध्ये दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, तिथे दोन्ही एकदम बदला. एक जुनी ठेवलीत, तर ती आधी रिकामी होते आणि चार्जिंगला नवीवर जादा व्होल्टेज पडून तीही लवकर मरते.

बॅटरी फुगून आत अडकली असेल, तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. कवच फुटून ॲसिड बाहेर येतं. सडक्या अंड्यासारखा वास आला तर भिंतीवरचं बटण बंद करा, खिडक्या उघडा आणि खोलीत थांबू नका. तो हायड्रोजन सल्फाइड असतो आणि विषारी असतो. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकायची नाही. तिच्यात शिसं असतं, आणि नवी देणारे दुकानदार ती परत घेतात.

प्रश्न: घरात मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टर आहे. त्यावर संगणक चालतो, पण कधीकधी लाईट जाताना रीस्टार्ट होतो. वेगळा यूपीएस लागेल का?

उत्तर: आधी इन्व्हर्टरच्या मागचा छोटा स्विच पाहा. बहुतेकांवर दोन मोड असतात: एक यूपीएस मोड, दुसरा नॉर्मल किंवा वाइड. नॉर्मल मोडमध्ये स्विचओव्हरला चाळीस मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. पंखा आणि दिव्यांना ते कळतही नाही, संगणक मात्र पडतो. यूपीएस मोडमध्ये हा वेळ बराच खाली येतो, आणि एवढ्यानेच पुष्कळांचं काम भागतं. तोटा असा, की या मोडमध्ये इन्व्हर्टर व्होल्टेजच्या बाबतीत चोखंदळ होतो. साधारण १८० च्या खाली किंवा २६० च्या वर गेलं, की तो बॅटरीवर उडी मारतो. व्होल्टेज कायम कमी राहत असेल, तर बॅटरी वीज असतानाही उतरत राहील.

दुसरा मुद्दा वेव्हचा. स्क्वेअर वेव्हचा जुना इन्व्हर्टर संगणकासाठी वापरू नये. त्याच्या पुढे यूपीएस लावलात, तर कित्येक यूपीएस ती वीज नाकारतात आणि शेजारी इन्व्हर्टर चालू असतानाही स्वतःच्या बॅटरीवर बसून राहतात. साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर पुढे लहान यूपीएस बिनदिक्कत लावा. स्विचओव्हरचा क्षण यूपीएस झेलतो आणि लांबचा पल्ला इन्व्हर्टर सांभाळतो. रोज दोन-तीन तास वीज जाते अशा ठिकाणी यापेक्षा चांगली जोडी नाही.

प्रश्न: लेझर प्रिंटर यूपीएसवर लावला तर चालतो का? आणि सॉकेट कमी पडतात म्हणून यूपीएसला एक्स्टेन्शन बोर्ड लावला आहे.

उत्तर: लेझर प्रिंटर लावू नका. त्यातला फ्यूजरचा हीटर कागद यायच्या वेळी अचानक पाचशे ते हजार वॅट ओढतो, आणि छापणं थांबल्यावरही अधूनमधून तापतच असतो. यूपीएसवर ‘फक्त सर्ज’ (म्हणजे व्होल्टेजच्या झटक्यापासून संरक्षण, बॅटरी नाही) असं लिहिलेलं सॉकेट असेल तर तिथे चालेल, नाहीतर सरळ भिंतीत. इंकजेटला हरकत नाही.

साधा, जाड तारेचा, तीन पिनांचा बोर्ड एकूण वॅटच्या आत राहून चालतो. सर्ज प्रोटेक्टरचा बोर्ड मात्र यूपीएसच्या पुढे नको. पायरीच्या वेव्हला त्याचे फिल्टर नीट साथ देत नाहीत. बोर्डावर सॉकेट रिकामं दिसलं, की कुणीतरी व्हॅक्यूम क्लीनर किंवा इस्त्री लावतं, हाही धोका आहेच. त्या बोर्डावर रंगीत टेप चिकटवून ‘फक्त संगणक’ लिहून ठेवा.

प्रश्न: वीज असतानाही यूपीएस दिवसभर टक-टक करत राहतो. बिघडलाय का?

उत्तर: तुमचा यूपीएस लाइन-इंटरॅक्टिव्ह प्रकारचा आहे. साधा ऑफलाइन यूपीएस व्होल्टेज ठरावीक मर्यादेबाहेर गेलं, की थेट बॅटरीवर जातो. लाइन-इंटरॅक्टिव्हमध्ये ट्रान्सफॉर्मरला मधले टॅप असतात. व्होल्टेज कमी झालं की रिले टॅप बदलून ते दहा-पंधरा टक्के चढवतो, जास्त झालं की उतरवतो, आणि बॅटरीला हात लावत नाही. तो टक आवाज त्या रिलेचा. ऑनलाइन यूपीएस तर वीज सतत डीसी करून पुन्हा एसी करतो, त्यामुळे त्यात स्विचओव्हरचा वेळच नसतो. पण तो जास्त तापतो, त्याचा पंखा कायम फिरतो आणि किंमतही जास्त असते. घरच्या संगणकाला त्याची गरज क्वचितच पडते.

दिवसात पाच-दहा वेळा टक झालं तर सोडून द्या. मिनिटा-मिनिटाला होत असेल तर व्होल्टेज नेमकं टॅप बदलायच्या उंबरठ्यावर घोटाळतंय. सेटिंगमध्ये सेन्सिटिव्हिटी असेल तर ती एक पायरी कमी करा. त्याच वेळी घरातले काही दिवे मंद आणि काही लख्ख होताना दिसले, तर न्यूट्रल सैल झालेला आहे. हे यूपीएसच्या आवाक्याबाहेरचं आणि धोक्याचं आहे. महागडी उपकरणं बंद करून लगेच इलेक्ट्रिशियनला बोलवा.

प्रश्न: गडगडाटात संगणकाचा नेटवर्क पोर्ट आणि राउटर दोन्ही गेले. दोन्ही यूपीएसवरच होते. मग यूपीएसने वाचवलं काय?

उत्तर: विजेचा झटका पॉवरच्या तारेतून आला नसावा. राउटरला बाहेरून येणारी तांब्याची तार, मग ती टेलिफोनची असो, केबलची असो की गच्चीवरून आलेली नेटवर्क केबल, हाही सर्जचा रस्ता आहे. राउटरमधून तो नेटवर्क केबलने संगणकात शिरला. यूपीएस या वाटेवर नव्हताच. घरापर्यंत फायबर येत असेल तर काचेतून सर्ज येत नाही, पण फायबरच्या डबीपासून पुढे तांबंच असतं. ढग गडगडायला लागले, की प्लगबरोबर नेटवर्कची तारही उपटून ठेवा.

आता अर्थिंग. यूपीएसमधलं सर्ज संरक्षण एमओव्ही नावाच्या छोट्या चकत्यांवर चालतं. व्होल्टेज एकदम चढलं, की त्या वाहक बनतात आणि झटका न्यूट्रलकडे आणि अर्थकडे वळवतात. अर्थच नसेल तर त्याला निघून जायला वाट राहत नाही. प्रत्येक झटक्यानिशी या चकत्या थोड्या झिजतात, त्यामुळे दहा वर्षं जुन्या यूपीएसच्या संरक्षणावर विसंबू नये. जवळ पडलेल्या विजेसमोर तर कोणताच यूपीएस टिकत नाही.

अर्थिंग नाही हे ओळखायची एक खूण बोटांना कळते. अनवाणी असताना संगणकाच्या धातूच्या कॅबिनेटला हाताची पालथी बाजू हलकेच लागली आणि झिणझिण्या आल्या, तर समजा. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोघांना कॅबिनेटशी जोडतात. अर्थ तुटलेलं असेल तर कॅबिनेट या दोघांच्या मधोमध, म्हणजे २३० व्होल्टच्या पुरवठ्यात ११५ च्या आसपास तरंगतं. करंट अगदी थोडा असतो म्हणून फक्त मुंग्या येतात. तपासायचं म्हणून मुद्दाम हात लावू नका. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटवर तीन मोजमापं करून घ्या: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. पहिली दोन जवळजवळ सारखी यायला हवीत आणि तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थमध्ये दहा-वीस व्होल्ट दिसले तर वायरिंगमध्ये खोट आहे. सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ तारेने जोडून ‘अर्थिंग करून देतो’ असं कुणी म्हणालं, तर त्याला थांबवा. पुढेमागे न्यूट्रल तुटला, की सगळ्या उपकरणांच्या कॅबिनेटवर फेज येईल.

प्रश्न: कार्यालयात एक बिलिंगचा संगणक आणि एक नॅस (नेटवर्कवरून वापरायचा फाइलसाठ्याचा डबा) आहे. रात्री कुणी नसताना वीज गेली तर दोन्ही आपोआप बंद व्हावेत. यूपीएस १००० व्हीएचा आहे, यूएसबी पोर्ट आहे, केबल खोक्यातच पडून आहे.

उत्तर: ती केबल आजच जोडा. यूपीएसचा अर्धा उपयोग तिच्यात आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती खोक्यातच राहते. केबल नॅसला लावा, कारण सगळ्यात जास्त डेटा तिथे आहे आणि लिहिता लिहिता वीज गेली तर रेड (अनेक डिस्कवर डेटा वाटून ठेवायची व्यवस्था) आणि फाइल सिस्टिम दोन्हींचं नुकसान होऊ शकतं. बहुतेक नॅसमध्ये ‘नेटवर्क यूपीएस सर्व्हर’ हा पर्याय असतो. तो चालू करून बिलिंगच्या संगणकाचा आयपी पत्ता परवानगीच्या यादीत घाला. संगणकावर नट, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स हे मोफत सॉफ्टवेअर टाका. ते ३४९३ क्रमांकाच्या पोर्टवरून नॅसला विचारत राहतं आणि इशारा आला की संगणक बंद करतं. दोघांमधला नेटवर्क स्विच किंवा राउटरही यूपीएसवरच हवा. हे हमखास विसरलं जातं, मग वीज जाताच स्विच बंद, आणि निरोप पोचतच नाही.

किती वेळाने बंद करायचं? आधी मोजा. नॅसला बंद व्हायला किती लागतात ते घड्याळ लावून पाहा, समजा तीन मिनिटं. संगणक दीड मिनिटात होतो. तर यूपीएसकडे किमान नऊ-दहा मिनिटं शिल्लक असतानाच सुरुवात व्हायला हवी. ‘बॅटरी ५ टक्के उरल्यावर’ हे ठरीव सेटिंग पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये सापडतं, ते ठेवू नका. बॅटरी जुनी झाली, की ३० टक्क्यांवरून शून्यावर यायला अर्धा मिनिट पुरतो. त्यापेक्षा वेळेवर बांधा: वीज जाऊन दोन मिनिटं झाली की संगणक बंद, चार मिनिटं झाली की नॅस. लहानसहान खंड दोन मिनिटांत निघून जातात, आणि रात्री कुणी काम करत नसताना बॅटरी शेवटपर्यंत पिळण्यात काही मिळत नाही.

एकच संगणक थेट यूएसबीने जोडला असेल, तर विंडोजला यूपीएस लॅपटॉपच्या बॅटरीसारखाच दिसतो. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘क्रिटिकल बॅटरी’ची पातळी ४० टक्के करा आणि कृती म्हणून हायबरनेट निवडा. उघड्या फाइली तशाच जतन होतात.

एक बारीक अडचण राहते. नॅस बंद होत असतानाच वीज परत आली तर? नॅस बंद झालेला, पण यूपीएसचं आउटपुट कधी तुटलंच नाही, म्हणून ‘वीज आली’ हे त्याला कळतच नाही आणि सकाळपर्यंत तो बंदच राहतो. यासाठी शटडाउननंतर यूपीएसनेही आउटपुट तोडावं, असं सेटिंग चालू करा, आणि नॅस व संगणक दोन्हींत वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय ठेवा. मग एका रविवारी बॅकअप घेऊन, भिंतीवरचं बटण बंद करून सगळा प्रकार प्रत्यक्ष होताना पाहा. सेटिंग पडद्यावर बरोबर दिसणं पुरेसं नाही.

आणि केबलबद्दल: यूपीएससोबत आलेलीच वापरा. काही यूपीएसचा डेटा पोर्ट नेटवर्कच्या किंवा सिरियल पोर्टसारखा दिसतो, पण आतल्या पिना वेगळ्या असतात. साधी सिरियल केबल लावली की काही मॉडेलं त्याच क्षणी आउटपुट बंद करतात.

प्रश्न: जनरेटर सुरू झाल्यावर यूपीएस बीप करत बॅटरीवरच राहतो आणि शेवटी बंद पडतो.

उत्तर: जनरेटरची फ्रीक्वेन्सी स्थिर नाही. पंप किंवा एसी सुरू झाला, की इंजिनाचा वेग क्षणभर खाली येतो, ५० हर्ट्झचे ४७ होतात, आणि यूपीएस ती वीज नाकारतो. यूपीएसची सेन्सिटिव्हिटी ‘लो’ करा. जनरेटरचा गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) तपासून घ्या. रिकामा असताना वेग जरा वर, साधारण ५२ हर्ट्झला ठेवतात, म्हणजे लोड आल्यावर तो ५० च्या आसपास येतो. जनरेटरची क्षमता यूपीएसच्या दुप्पट-तिप्पट हवी. सुरू झाल्यावर अर्धा मिनिट थांबून मगच लोड टाका. एवढं करूनही जमलं नाही, तर ऑनलाइन यूपीएस घेण्याचं हे योग्य कारण आहे. तो फ्रीक्वेन्सीची बरीच मोठी वर-खाल सहन करतो.

प्रश्न: जुन्या ६०० व्हीए यूपीएसवर फक्त राउटर लावला. वाटलं तासन्‌तास चालेल. पाच मिनिटांतच यूपीएस बंद होतो. बॅटरी नवी आहे.

उत्तर: काही यूपीएसमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी अशी सोय असते, की लोड फारच कमी दिसला तर ‘काही जोडलेलंच नाही’ असं समजून ते काही मिनिटांत बंद होतात. राउटर जेमतेम दहा वॅट घेतो. मॅन्युअलमध्ये ग्रीन मोड किंवा नो-लोड शटडाउन शोधून बंद करा. तो बंद होत नसेल तर यूपीएस राउटरसाठी निरुपयोगी. तसाही तो दहा वॅट देताना स्वतःच तेवढेच किंवा जास्त खातो. राउटरला १२ व्होल्ट डीसीचा छोटा यूपीएस घ्या. ॲडॅप्टरवरचे व्होल्ट, अँपिअर आणि पिनची पोलॅरिटी (अधिक-उणे कोणत्या बाजूला ते) जुळवा. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट लावले तर तो जळू शकतो.

प्रश्न: तीन महिने घर बंद राहणार आहे. यूपीएस चालू ठेवावा की बंद?

उत्तर: पूर्ण एक दिवस चार्ज करा. मग यूपीएसच्या बटणाने बंद करा, भिंतीतून प्लग काढा, आणि शक्य असेल तर बॅटरीची एक तार सोडवून तिच्या टोकावर इन्सुलेशन टेप गुंडाळा. नुसता बंद केलेला यूपीएससुद्धा आत थोडा करंट घेत राहतो, आणि तीन महिन्यांत तेवढ्याने बॅटरी पार उतरू शकते. गच्चीलगतच्या तापणाऱ्या खोलीत ठेवू नका. परत आल्यावर आधी मल्टिमीटर लावा. १२.४ व्होल्टच्या वर असेल तर रात्रभर चार्ज करून बल्बची चाचणी घ्या, मगच संगणक जोडा. साडेदहाच्या खाली आढळली तर यूपीएस कदाचित ती चार्ज करायलाच नकार देईल. अशी बॅटरी बाहेरच्या चार्जरने कशीबशी उठवली, तरी ऐन वेळी दगा देते. ती बदलून टाका.